अकरा पार्टनर, तीन वर्षं, एक पीडीएफ

पवनचक्की

परवा जुन्या लॅपटॉपवरचे बुकमार्क आवरत होते. एका लिंकवर टिचकी मारली तर ऑनलाइन जुगाराची जाहिरात उघडली. काही वर्षांपूर्वी त्याच पत्त्यावर आमच्या संशोधन प्रकल्पाची वेबसाइट होती. अकरा पार्टनर, पाच देश, तीन वर्षं, पैसे युरोपियन युनियनचे. प्रकल्प संपल्यावर डोमेनचे वर्षाचे पैसे कोणी भरायचे हे ठरलंच नव्हतं, म्हणून कोणीच भरले नाहीत.

मी तेव्हा नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला आठ माणसांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. ट्रकमधला बिघाड आधीच ओळखायचा, असा विषय. पुढारपण एका बड्या कंपनीकडे, नाव नको. दर बैठकीला त्यांच्याकडून नवा माणूस यायचा आणि पहिला अर्धा तास त्याला प्रकल्प समजावण्यात जायचा. ब्रसेल्सच्या शेवटच्या रिव्ह्यूला आमचा डेमो ‘लाइव्ह’ होता, पण डेटा माझ्याच लॅपटॉपवर. कारण त्यांच्या फायरवॉलने आम्हाला त्यांच्या सर्व्हरपर्यंत कधी पोहोचूच दिलं नाही. तीन वर्षांत! परीक्षकांनी माना डोलावल्या. कोड ठेवायच्या रिपॉझिटरीतला शेवटचा कमिट, म्हणजे शेवटचा बदल, त्याच दिवशी सकाळी सातचा आहे, त्यानंतर शुकशुकाट. १४० पानांचं डिलिव्हरेबल, म्हणजे द्यायचा अहवाल, मात्र पीडीएफमध्ये सुखरूप आहे.

होरायझन युरोप या युनियनच्या संशोधन कार्यक्रमाचं २०२१ ते २०२७ चं बजेट सुरुवातीला ९५.५ अब्ज युरो होतं. ते सगळं सॉफ्टवेअरचं नाही आणि सगळं कंपन्यांनाही जात नाही, हे ठाऊक आहे. पण ‘उद्योगाच्या पुढाकाराने संशोधन’ हा तिथला लाडका मंत्र. माझं मत सरळ आहे: विषय कंपन्यांनी ठरवायचा आणि पैसे करदात्याने भरायचे, ही पद्धत सॉफ्टवेअरमध्ये तरी बंद करावी. कंपनीला एखादी गोष्ट मनापासून हवी असेल तर ती स्वतःच्या खिशातून करते. जे करायची घाई नसते ते अशा प्रकल्पात ढकलते. आमच्यासारख्या छोट्या कंपन्या म्हणजे पंगत भरलेली दिसावी म्हणून बोलावलेली माणसं.

या फोरमवर असे प्रकल्प केलेले बरेच जण आहेत. तुमचा अनुभव वेगळा आहे का?

गिअरबॉक्स

पूर्ण असहमत. माझं घर अशाच एका प्रकल्पावर चालतं.

मी हिंजवडीत बसून जर्मन ग्राहकासाठी गाड्यांचं सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरची चाचणी, करतो. दिवसाला दोन-तीन तरी ‘एफएमयू’ फाइली, म्हणजे गाडीच्या एकेका भागाची मॉडेलं, हाताखालून जातात. बघायला गेलं तर ती साधी झिप फाइल. एक्सटेन्शन बदलून उघडली की आत एक एक्सएमएल दिसतं, त्यात मॉडेलमध्ये कोणकोणती चलं आहेत त्याची यादी. शेजारी बायनरीजचं फोल्डर आणि त्यात एक डीएलएल, म्हणजे मूळ कोड न दाखवता चालणारा प्रोग्राम. नवखी पोरं विचारतात, सर, एवढंच?

हे एवढंच नव्हतं तेव्हा काय होतं ते सांगतो. गिअरबॉक्सवाला पुरवठादार आपलं मॉडेल एका टूलमध्ये करायचा, इंजिनवाला दुसऱ्या, आणि ब्रेकवाल्याचा घरचा सी कोड. अख्खी गाडी चालवून बघायची तर प्रत्येक जोडीसाठी वेगळा पूल बांधायचा. एका टूलची आवृत्ती बदलली की पूल कोसळला, पुन्हा चार दिवस गवंडीकाम. त्यात पुरवठादार मूळ मॉडेल द्यायला तयार नसायचा, कारण त्याची सगळी विद्या त्यात. डीएलएलमध्ये विद्या झाकलेली राहते आणि मॉडेल तरीही चालतं.

या फाइलींचा फॉरमॅट, म्हणजे एफएमआय, मॉडेलिसार नावाच्या प्रकल्पातून आला. २००८ ते २०११, सॉफ्टवेअर संशोधनाच्या आयटीईए २ या युरोपीय कार्यक्रमाखाली. सुरुवात डाइम्लरने केली, नेतृत्व दासो सिस्टिम्स या फ्रेंच सॉफ्टवेअर कंपनीकडे होतं. पहिली आवृत्ती २०१० मध्ये आली, दुसरी २०१४, तिसरी २०२२. प्रकल्प संपल्यावर मॉडेलिका असोसिएशनने जबाबदारी घेतली, म्हणून तो जुगाराच्या साइटवर गेला नाही. आज दोनशेच्या वर टूल्समध्ये तो चालतो. पवनचक्की ताई, फाइल कशी पॅक करायची हा विषय कुठला प्राध्यापक आपणहून घेणार होता? ज्याचं दुखतं त्यालाच सुचतो.

शेंगदाणे

लाह्या घेऊन बसलोय. चालू द्या.

आडवातिडवा

गिअरबॉक्स, तुमचं उदाहरण खरं आहे, पण एका कोकिळेने वसंत येत नाही. क्वेरो आठवतं का कोणाला? २००५ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष शिराक आणि जर्मनीचे चान्सलर श्रोडर यांनी घोषणा केली, गूगलला युरोपचं उत्तर. २००६ च्या अखेरीस जर्मनी बाहेर पडली आणि त्यांनी थेसियस नावाची वेगळी चूल मांडली. पुढे २००८ मध्ये युरोपियन आयोगाने फ्रान्सला ९९ दशलक्ष युरोंची मदत द्यायला मंजुरी दिली. आज क्वेरोवर शोध घेतलेला एक माणूस दाखवा.

मग गाया-एक्स. २०१९ मध्ये जर्मनीने सूतोवाच केलं, २०२० मध्ये फ्रान्स आला. सगळ्यांना वाटलं युरोपचा स्वतःचा क्लाउड येतोय. झाले काय, तर नियमावल्या आणि लेबलं. ज्यांच्यापासून स्वातंत्र्य हवं होतं त्या अमेरिकन कंपन्याच सदस्य म्हणून आत येऊन बसल्या. स्केलवे ही फ्रेंच क्लाउड कंपनी संस्थापकांपैकी, ती २०२१ मध्ये बाहेर पडली.

गिअरबॉक्स

ही दोन्ही नेत्यांनी मंचावरून सोडलेली विमानं. यात उद्योगाचा पुढाकार कुठे आला?

आडवातिडवा

क्वेरोचं नेतृत्व थॉमसनकडे होतं. ती कंपनीच होती ना, का ग्रामपंचायत?

जुना ईसीयू

म्युनिकमध्ये बरीच वर्षं गाडीतल्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहितोय. दोघांनाही एक तिसरं उदाहरण देतो, ऑटोसार, म्हणजे गाडीतल्या सॉफ्टवेअरचं समाईक मानक. २००३ मध्ये बीएमडब्ल्यू, बॉश, कॉन्टिनेन्टल, डाइम्लरक्रायस्लर, सीमेन्स व्हीडीओ आणि फोक्सवॅगन एकत्र आले. इंटरफेस सगळ्यांचा एक, मग आपापलं सॉफ्टवेअर विकताना खुशाल भांडा, असा करार. सदस्यांच्या पैशावर आणि सदस्यांच्या माणसांवर चालतं. प्रपोजल नाही, रिव्ह्यू नाही, टाइमशीट नाही. पुण्यातल्या किती घरांचे हप्ते आज ऑटोसारवर फिटतात ते गिअरबॉक्स सांगतील.

ते सुंदर आहे असं मी म्हणणार नाही. ज्याने ऑटोसारची एआरएक्सएमएल फाइल हाताने दुरुस्त केली आहे त्याला माझं दुःख कळेल. पण मूळ मुद्द्यावर पवनचक्कींशी सहमत: खरी गरज असली की कंपन्या स्वतः खिशात हात घालतात.

गिअरबॉक्स

ईसीयू साहेब, गोष्ट मधूनच सुरू केलीत. ऑटोसारच्या आधी ईस्ट-ईईए होता, २००१ ते २००४. तोही आयटीईएचाच प्रकल्प, त्यात सरकारी पैसा होता आणि टेबलाभोवती बरीचशी हीच मंडळी. गाडीतल्या सॉफ्टवेअरचे थर कसे पाडायचे यावरचं पहिलं भांडण तिथे झालं. म्हणजे साखरपुडा सरकारी खर्चाने आणि लग्न स्वखर्चाने.

दुसरं म्हणजे लायसन्स. ऑटोसारचे दस्तऐवज कोणीही वाचू शकतो, पण ते वापरून धंदा करायचा तर सदस्य व्हावं लागतं. एफएमआय कोणीही घ्या, त्यावर टूल बांधा, विका, कोणाला विचारायची गरज नाही. खाजगी वर्गणीतून झालेल्या गोष्टीला फाटक आहे आणि करदात्याचा पैसा लागलेली गोष्ट उघडी आहे. आठ माणसांच्या कंपनीला यातलं कोणतं परवडतं?

जुना ईसीयू

ईस्ट-ईईएचं मान्य, विसरलो होतो. पण त्याही आधी १९९३ मध्ये जर्मन कारवाल्यांनी ओसेक हे मानक सुरू केलं होतं आणि ऑटोसारची ऑपरेटिंग सिस्टीम त्याच्यावरच उभी आहे. साखरपुड्याच्या आधीही ओळख होती म्हणायची. फाटकाचा मुद्दा मात्र बिनतोड आहे.

लिन्शोपिंगकर

तुम्ही सगळे २००८ पासून गोष्ट सांगताय म्हणून राहवलं नाही. एफएमआय आभाळातून पडला नाही. हिल्डिंग एल्मक्विस्ट यांनी १९७८ मध्ये स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात प्रबंध लिहिला, त्यात डिमोला ही भाषा मांडली. कल्पना अशी की इंजिनिअरने समीकरणं लिहावीत, ती कोणत्या क्रमाने सोडवायची ते यंत्राने बघावं. बाजाराला तेव्हा त्याचं काही पडलं नव्हतं. १९९२ मध्ये त्यांनी कंपनी काढली, १९९७ मध्ये मॉडेलिका भाषा आली, आणि २००६ मध्ये दासोने ती कंपनी विकत घेतली. दोन वर्षांनी मॉडेलिसार. ‘ज्याचं दुखतं त्यालाच सुचतो’ हे खरं, पण औषध तीस वर्षं विद्यापीठाच्या कपाटात तयार होतं.

मी इथे स्वीडनमध्ये पीएचडी अशाच एका उद्योगप्रणीत प्रकल्पातून केली. पहिल्या वर्षी विषय कंपनीने दिला. दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडे पुनर्रचना झाली, ज्या मॅनेजरला विषय हवा होता तो दुसऱ्या विभागात गेला आणि नव्या माणसाने मला विचारलं, “हे नेमकं कशासाठी?” मलाही तेच विचारायचं होतं. तरी वाईट झालं असं म्हणवत नाही. खऱ्या कारखान्यातला घाणेरडा डेटा मला विद्यापीठात कधी दिसला नसता. आमच्या गटातून बाहेर पडलेले चौघे आज त्याच क्षेत्रात आहेत. डिलिव्हरेबल कोणी वाचत नाही, पण माणसं तयार होतात, आणि ती कोणाच्या हिशेबात धरलेली नसतात.

तळ्यातमळ्यात

एक दुरुस्ती. धाग्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे. पवनचक्कींचा प्रकल्प ब्रसेल्सच्या पैशावरचा. आयटीईए हा युरेका या युरोपीय देशांच्या संशोधन-सहकार्यातला एक क्लस्टर, म्हणजे गट. युरेका १९८५ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झाली आणि तिची स्वतःची तिजोरी नाही. प्रकल्पाला वरून फक्त लेबल मिळतं, शाब्बासकीसारखं. पैसे प्रत्येक पार्टनरने आपापल्या देशाकडे मागायचे. डच कंपनीला डच सरकार, जर्मन कंपनीला जर्मन.

कागदावर छान वाटतं. आमच्या वेळी लेबल मिळालं, एका देशाचा होकार लगेच आला, दुसऱ्याचा आठ महिन्यांनी, तिसऱ्याने नाही म्हटलं. त्या तिसऱ्या देशातला पार्टनर दोन भागांना जोडणारा इंटरफेस लिहिणार होता. उरलेले आम्ही दोन्ही काठांवर उभे राहून एकमेकांना हात करत होतो. पहिल्या देशातल्या टीमचं घड्याळ सुरू झालेलं, त्यांनी आठ महिने ‘स्टेट ऑफ द आर्ट’, म्हणजे आधी काय काय झालंय त्याचा आढावा, लिहिला. तुमच्या १४० पानांचं गूढ मला तरी उकललंय.

पवनचक्की

तळ्यातमळ्यात, हसून पुरेवाट झाली. आमच्या पीडीएफमध्येही साठ पानं तेच आहे!

गिअरबॉक्स, तुमचं लायसन्सचं म्हणणं दिवसभर डोक्यात होतं. एक पाऊल मागे घेते. जिथे पाच स्पर्धकांना एकच फाइल वाचायची आहे, जिच्यातून कोणालाच थेट पैसे मिळणार नाहीत, तिथे सरकारी पैसा आणि कंपन्यांचा पुढाकार दोन्ही चालेल. पण मग प्रपोजलं मागवणाऱ्या कॉलमध्ये तसं लिहा ना. आम्हाला ‘क्रांतिकारी प्लॅटफॉर्म’ बांधायला सांगितला होता. फाइल फॉरमॅट बनवतो म्हटलं असतं तर प्रपोजल पहिल्याच चाळणीत गळलं असतं.

आणि ‘उद्योग’ म्हणजे कोण, हेही बघा. युरोपच्या स्पर्धाक्षमतेवरच्या २०२४ च्या द्रागी अहवालात आहे: युरोपात संशोधनावर सर्वाधिक खर्च करणाऱ्या पहिल्या तीन कंपन्यांत गेली वीस वर्षं वाहन उद्योगाचंच वर्चस्व. या धाग्यातली यशाची उदाहरणंही सगळी गाड्यांची. उद्योगाने विषय ठरवायचा म्हणजे गाड्यांनी ठरवायचा, मग सॉफ्टवेअर कंपन्या युरोपात उगवत नाहीत म्हणून रडायचं.

कमिटबिट

पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा अॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत जन्मली, लिनक्स हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्याकडे, मायएसक्यूएल स्वीडनमध्ये. एकाही ठिकाणी कन्सॉर्शियम नव्हतं. जर्मनीने २०२२ मध्ये सॉव्हरिन टेक फंड काढला, तो कर्ल या इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या टूलसारख्या सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पांना थेट पैसे देतो. जे आधीच चालू आहे ते सांभाळा. माझे दोन पैसे.

लिन्शोपिंगकर

सीडब्ल्यूआय ही सरकारी पैशावरची गणित आणि संगणकशास्त्राची संस्था आहे, एवढं फक्त जोडतो.

गिअरबॉक्स

पवनचक्की ताई, गाड्यांचं मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, मीही गाड्यांवरच जगतो.

एक कामाचं विचारतो. तुमच्या त्या बंद पडलेल्या रिपॉझिटरीत ट्रकच्या झिजेचं मॉडेल होतं ना? आमच्याकडे एक पोरगी ब्रेक लायनिंगवर काम करतेय. लायसन्स काय आहे? एफएमयू करून घेता आलं तर शनिवार-रविवारात बघते म्हणाली.

पवनचक्की

अपाची २.०, म्हणजे मुक्त लायसन्स, बिनधास्त घ्या. लिंक व्यक्तिगत निरोपात देते. पण ते आहे तसं चालणार नाही. सेन्सरचा कच्चा डेटा साफ करणारं मॉड्यूल त्यात नाही. ते प्रकल्पाच्या आधीपासूनचं, ‘बॅकग्राउंड आयपी’, करारात वगळलेलं. प्रकल्प चालू होता तोवर वापरायला मिळालं, संपल्यावर परत.

गिअरबॉक्स

कोणत्या पार्टनरचं?

पवनचक्की

पुढारपण ज्यांच्याकडे होतं त्यांचं.