मदत हवी आहे: थायलंडच्या रिटायरमेंट व्हिसाचे ८ लाख पाठवायचेत, बँक अडीच लाख जास्त मागते आहे

ओसरी | ९ मार्च, सकाळी १०:१२
आम्ही दोघं चियांग माईला कायमचं राहायला जाणार आहोत. व्हिसासाठी ८ लाख तिथल्या बँकेत दाखवावे लागतात, ते तयार आहेत. पण इथली बँक म्हणते पाठवताना २ लाख ६४ हजार जादा कापणार. कशाचे ते धड सांगत नाहीत, "सिस्टीममध्ये येतंय" एवढंच. दोघांचे १६ लाख म्हणजे सव्वापाच लाख असेच जाणार का? हे टाळायचं कसं एवढंच सांगा. "थायलंडच का" वगैरे चर्चा नको. याच आठवड्यात पाठवायचे आहेत.

टाचणी | १०:३१
८ लाख बाथ की रुपये? तुमचं वय? पत्नीचं वय? पेन्शन कुठली आणि किती? तिकडे खातं उघडलंय का, कोणाच्या नावावर? व्हिसा इथून काढताय की तिथे जाऊन? यातलं काहीच न सांगता नुसतं "टाळायचं कसं" विचारलंत तर उत्तर द्यायचं कसं?

दर्यावर्दी | १०:४०
थायलंडपेक्षा मॉरिशस बघा. निवृत्तांसाठी वेगळा परवाना आहे, वयाची अट ५०. तिथे मराठी समाज आहे आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

ओसरी | १०:५८
@टाचणी बाथच हो, एवढं कळतं. मी ६१, बायको ४८. राज्य सरकारची पेन्शन, ६२ हजार. बाकीचा तपशील प्रश्नाशी संबंधित नाही.
@दर्यावर्दी मी काय लिहिलं होतं?

टाचणी | ११:२०
संबंधित आहे, बघाच.

तो २ लाख ६४ हजार म्हणजे टीसीएस, पैसे पाठवतानाच बँकेने आगाऊ कापून घेतलेला आयकर. निवासी भारतीयाने बाहेर पाठवलेल्या पैशाला उदारीकृत प्रेषण योजना, म्हणजे एलआरएस, लागू होते. एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस शून्य, वरच्या रकमेवर २० टक्के. तुमच्या बँकेने बाथ २ रुपये ९० पैशांनी धरलेला दिसतो: ८ लाख बाथ म्हणजे २३ लाख २० हजार रुपये, त्यातून १० लाख वजा, उरलेल्या १३ लाख २० हजारांचे २० टक्के. आकडा चोख आहे. शिवाय चलन बदलल्याचा जीएसटी बाराशेच्या आसपास.

हा दंड नाही की जादा करही नाही. तुमच्या पॅनवर जमा होतो, रिटर्न भरलं की देय करातून वळता होतो, उरलेला परत मिळतो. १० लाखांची मर्यादा पॅनमागे आहे, बँकेमागे नाही. तीन बँकांतून थोडे थोडे पाठवून काही साधत नाही.

आणि १६ लाख कोणी सांगितले? एकाच्या ८ लाखांत काम होतं. तुम्ही मुख्य अर्जदार. पत्नी पन्नाशीच्या आतली असल्याने तिला रिटायरमेंट व्हिसा तसाही मिळणार नाही. ती तुमच्यावर अवलंबून म्हणून "नॉन-ओ" या प्रकारच्या व्हिसावर राहते आणि तिच्यासाठी वेगळी ठेव लागत नाही. लागतो तो लग्नाचा दाखला. म्हणून वय विचारलं.

खटपट्या | ११:३४
एवढं कशाला? १० लाख तुमच्या खात्यातून, १० लाख वहिनींच्या खात्यातून. दोघांचे पॅन वेगळे, टीसीएस शून्य. वरचे तीन लाख नंतर बघता येतील.

टाचणी | ११:४९
@खटपट्या वहिनींचे १० लाख जाणार कुठे? यांच्या एकट्याच्या थाई खात्यात? निवासी माणसाने दुसऱ्या निवासी माणसाच्या परदेशातल्या खात्यात एलआरएसखाली भेट म्हणून पैसे टाकायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, मग नवरा-बायको का असेनात. दोघांच्या मर्यादा एकत्र करायच्या तर वहिनी त्या खात्याच्या सहधारक हव्यात.

खरी गोम पुढे आहे. थाई इमिग्रेशनला खातं अर्जदाराच्या एकट्याच्या नावावर लागतं. संयुक्त असलं की तुमचा वाटा निम्मा धरतात, ८ चे ४ होतात. इथला नियम खातं जोडीने काढा म्हणतो, तिथला एकट्याने.

खटपट्या | ११:५५
पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी पाठवतोय त्याचा संकेतांक, एस१३०१ टाकायचा, कुटुंबाचा निर्वाह. कोण बघतंय?

टाचणी | १२:०३
बाहेर पैसे पाठवण्याच्या ए-२ फॉर्मवर सही ओसरींची असते, तुमची नाही. परदेशात खातं उघडून त्यात पैसे ठेवण्याचा कोड एस००२३ आहे, तोच टाकायचा. आणि निर्वाहाच्या कोडलाही १० लाखांवर टीसीएस तोच आहे, म्हणजे खोटं लिहून मिळणार शून्य.

मर्यादा वर्षाची आहे, तेव्हा निम्मे ३१ मार्चच्या आत पाठवा, निम्मे १ एप्रिलनंतर. प्रत्येक वेळी ११ लाख ६० हजार, टीसीएस ३२ हजार, दोन्ही मिळून ६४ हजार. आज ९ तारीख, जमण्यासारखं आहे. अट एकच, तिकडचं खातं उघडलेलं हवं. ओसरी, खातं आहे ना?

गुळपोळी | १२:१०
शाकाहारी असाल तर पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरं असलेली "जे" पाटी शोधा. तिथे मांस, मासे, अंडी, दूध काही नसतं, आणि कांदा-लसूणही नाही. इतर ठिकाणी नुसतं "भाजी द्या" म्हणून भागत नाही, माशाचा रस सगळ्यात असतो. "माय साय नाम प्ला" पाठ करा, म्हणजे माशाचा रस घालू नका. ऑयस्टर सॉस तरीही पडतो, तो वेगळा सांगावा लागतो.

ओसरी | दुपारी १:२५
खातं गेल्यावर उघडू. आत्ता पैसे एजंटच्या तिथल्या खात्यात पाठवायचे आहेत, तो आमचं खातं उघडून त्यात टाकणार. म्हणून तर या आठवड्यात. तिकिटं काढून झाली आहेत. बिनव्हिसा पर्यटक म्हणून जाऊन तिथे नॉन-ओ करायचा असं त्यानेच सांगितलं.

टाचणी | १:३१
थांबा. एक रुपयाही पाठवू नका.

रातांबा | १:४४
टाचणीला अनुमोदन. एजंट बुडवेल की नाही हा भाग बाजूला ठेवू, तो प्रामाणिक असला तरी हे चालत नाही. पर्यटक म्हणून जाऊन तिथे नॉन-ओ करताना ८ लाख बाथ परदेशातून तुमच्या नावावर आले याचं थाई बँकेचं पत्र द्यावं लागतं. एजंटच्या खात्यातून आलेले पैसे बँकेच्या लेखी देशांतर्गत भरणा असतात. पैसे खात्यात दिसतील, पण पत्र मिळणार नाही. त्यात बिनव्हिसा आलेल्याला खातं उघडून देणाऱ्या शाखा कमी. एक शाखा राहण्याचा दाखला मागते, दुसरी आधी व्हिसा आणा म्हणते, आणि इमिग्रेशन व्हिसासाठी पासबुक मागतं.

तुमच्यासारख्यांनी नॉन-ओए, म्हणजे निवृत्तांचा दीर्घ मुक्कामाचा व्हिसा, घ्यावा, इथूनच, थायलंडच्या ई-व्हिसा संकेतस्थळावरून. फायदा ऐका: ओएला ८ लाख बाथाइतकी रक्कम भारतातल्याच बँकेत दाखवून चालते. म्हणजे आत्ता पाठवायचं काहीच नाही. टीसीएसचा प्रश्न वर्षभर मिटला. पासपोर्ट सेवा केंद्राचं पोलीस क्लिअरन्स लागतं. डॉक्टरचा दाखला लागतो, त्यात कुष्ठरोग, क्षय, हत्तीरोग, अमली पदार्थांचं व्यसन आणि तिसऱ्या टप्प्यातला सिफिलिस नाही असं नावानिशी लिहिलेलं हवं. "प्रकृती उत्तम" एवढ्यावर अर्ज परत येतो. दोन्ही दाखले तीन महिन्यांच्या आतले. पत्नीचा अर्ज याच्यासोबत नॉन-ओखाली, लग्नाच्या दाखल्यावर.

नीरा | २:०५
@रातांबा अर्धंच सांगितलंत. ओएला आरोग्य विमा सक्तीचा आहे, आणि तो पहिल्या वर्षापुरता नाही, तिथे दर वर्षी मुदत वाढवतानाही दाखवावा लागतो. ६१ व्या वर्षी मिळेल, सत्तरीनंतर काय? त्या वयात नवी पॉलिसी द्यायला कंपन्या नाखूष, आणि मधुमेह-रक्तदाब आधीपासून असेल तर तेवढंच वगळून देतात. साध्या नॉन-ओच्या मुदतवाढीला विम्याची अट नाही. ओए घेतला की हे लोढणं गळ्यात. सोडवायचं तर देशाबाहेर पडून पुन्हा नॉन-ओपासून सुरुवात.

रातांबा | २:१६
अट नाही म्हणून विमा घ्यायचा नाही? परक्या देशात, या वयात? भारतातला मेडिक्लेम सहसा तिथे चालत नाही. आयसीयूत आठवडा काढायची वेळ आली तर ठेवीला हात लागतो. आणि ठेवीला हात लागला की व्हिसा गेला: मुदतवाढीच्या अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने पूर्ण ८ लाख, उरलेलं वर्ष ४ लाखांच्या खाली जायचं नाही. म्हणजे अडीअडचणीला हे पैसे तुमचे नाहीतच.

नीरा | २:२२
विमा घेऊ नका असं मी म्हटलेलं नाही. सक्तीचा विमा आणि आपल्या सोयीचा विमा यात फरक आहे, एवढंच.

धुकं | २:४०
चियांग माईत फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जळतात, डोंगरांच्या वाटीत धूर बसून राहतो. दमा असेल तर ते तीन महिने हुआ हिनसारख्या किनाऱ्यावरच्या गावी काढावे लागतील. त्याचं भाडं बजेटमध्ये धरा.

टाचणी | ३:१०
बजेटवर कोणीच बोललं नाही. ६२ हजार रुपये म्हणजे आजच्या भावाने २१ हजार बाथ. एक बेडरूमचा साधा कॉन्डो ९-१० हजार, दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिना आगाऊ. वीज घेताना घरमालकाला दर विचारा. सरकारी मीटर थेट तुमच्या नावावर असेल तर युनिटला ४ बाथच्या आसपास. अपार्टमेंटवाले आपलं मीटर लावून ७-८ घेतात, आणि एप्रिलमध्ये एसी चालवल्यावर तो फरक बिलात दिसतो. घरी स्वयंपाक केलात तर दोघांचं खाणं ८-९ हजारांत. विमा या हिशेबात बसत नाही, तो व्याजातून भरावा लागेल.

करही बदलतो. आज निवासी म्हणून नव्या पद्धतीत तुमच्या पेन्शनवर कर शून्य, कारण निवासींना मिळणारी करसूट (रिबेट). अनिवासी झालात की ती सूट नाही. ७ लाख ४४ हजारांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट, राहिले ६ लाख ६९ हजार. चारच्या वरच्या रकमेवर ५ टक्के आणि सेस, साधारण १४ हजार. मोठी रक्कम नाही. झोंबतं ते मुदत ठेवींचं. एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इथल्या खात्याच्या व्याजावर बँक ३० टक्के अधिक सेस कापते आणि कर कापू नका म्हणून ज्येष्ठांनी द्यायचा फॉर्म तिथे चालत नाही. रिटर्न भरून परत मिळवायचं.

थायलंडचंही आहे. वर्षात १८० दिवस राहिलात की तिथले करनिवासी. १ जानेवारी २०२४ पासून कमावलेलं परदेशी उत्पन्न तिथे आणलं की कराच्या कक्षेत येतं, त्याआधीची बचत येत नाही. म्हणून ३१ डिसेंबर २०२३ ची शिल्लक दाखवणारी सगळ्या खात्यांची स्टेटमेंट शिक्क्यासह आत्ताच काढून ठेवा.

ओसरी | ४:०२
फारच फाटे फुटले. एका वाक्यात सांगा: पैसे कधी आणि कसे पाठवू?

टाचणी | ४:२५
एका वाक्यात होत नाही.

आत्ता पाठवू नका. ओए काढा, ८ लाखांची रक्कम इथेच ठेवा. कायमचं राहायच्या इराद्याने निघालात की परकीय चलन कायद्याने तुम्ही अनिवासी. त्यासाठी १८२ दिवस मोजत बसायचं नसतं, ते गणित आयकराचं. बँकेला कळवून बचत खाती एनआरओ करून घ्या. ते न करता निवासी खातीच चालवत राहणं नियमात बसत नाही. मग एनआरओतून तुमच्या थाई खात्यात पाठवा. हा मार्ग एलआरएसचा नाहीच, म्हणून टीसीएसही नाही. वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत मुभा आहे, सीएचा दाखला लागतो. पहिली मुदतवाढ करायच्या निदान तीन महिने आधी पैसे तिथे पोचलेले हवेत, दोन महिन्यांची अट काठावर सांभाळू नका. स्विफ्टनेच, म्हणजे बँकेतून थेट परदेशी बँकेत, पाठवा. काही ॲपवरून पाठवलेले पैसे तिथे स्थानिक भरणा म्हणून उमटतात आणि परत तोच पत्राचा घोळ.

रातांबा | ४:४१
जोड देतो. ओए बहुप्रवेश घ्या. व्हिसाची मुदत संपण्याआधी एकदा बाहेर जाऊन परत आलात की त्या प्रवेशावर पुन्हा वर्षभराचा शिक्का मिळतो, विमा तेवढ्या काळाचा असेल तर. पैसे पाठवायला जवळपास दुसरं वर्षही हाताशी येतं. पण त्या दुसऱ्या वर्षात व्हिसाची मुदत संपलेली असते. तेव्हा बाहेर जायचं तर आधी री-एन्ट्री परमिट, एकदाचं १००० बाथ, कितीही वेळाचं ३८००. ते विसरलात तर मुक्कामाची परवानगी विमानतळावरच रद्द.

घरमालकाने २४ तासांत टीएम ३०, म्हणजे परदेशी माणूस इथे राहतोय ही इमिग्रेशनकडची नोंद, भरलं का ते विचारा, पावती घ्या. ती नसेल तर पुढचा कुठलाही अर्ज खिडकीवर अडतो. दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवायचा फॉर्म टीएम ४७, चुकलं तर २००० बाथ दंड.

खटपट्या | ४:५०
आणि इथलं सिम चालू ठेवा. सगळे ओटीपी त्यावरच. नंबर बंद पडला की नेटबँकिंग गेलं, आयकर पोर्टलही गेलं. रोमिंग असलेला छोटा रिचार्ज करत राहा.

टाचणी | ४:५३
@खटपट्या हे मात्र लाखातलं बोललात.

नीरा | ५:०८
हयातीच्या दाखल्याचं राहिलं. नोव्हेंबरात जीवनप्रमाण चेहरा ओळखून मोबाईलवर होतं, त्याला आधार लागतं. निघण्याआधी इथेच एकदा करून बघा. झोपेच्या गोळ्या घेत असाल तर अल्प्राझोलाम तिथे नियंत्रित आहे, तीस दिवसांपुरता साठा आणि प्रिस्क्रिप्शन सोबत.

ओसरी | रात्री ८:१५
एजंटला नाही म्हणून कळवलं. ओएचे कागद उद्यापासून सुरू करतो. फक्त एक, बायकोचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे आणि लग्नाच्या दाखल्यावर सासरचं नाव. तेवढं चालेल ना?

टाचणी | ८:२१
हे सकाळी १०:१२ ला सांगायचं होतं. नाही चालणार. पोलीस क्लिअरन्स, व्हिसा, विमा सगळं पासपोर्टवरच्या नावाने निघतं आणि नातं सिद्ध करणारा एकमेव कागद दुसऱ्याच नावाचा. दाखल्यावर लग्नापूर्वीचं नावही छापलेलं असेल तर पासपोर्ट तसाच ठेवा. नसेल तर आधी पासपोर्टचं रीइश्यू, नवं नाव आणि पतीचं नाव घालून. पोलीस क्लिअरन्स त्यानंतरच काढा, नाहीतर जुन्या पासपोर्टच्या नंबरावरचं वाया जाईल. लग्नाच्या दाखल्याला नुसतं अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणूनचं एकच प्रमाणपत्र, पुरत नाही: मंत्रालय, मग परराष्ट्र मंत्रालय, मग थाई वकिलातीचा शिक्का, या क्रमाने. तिकिटं रद्द होतील का तेवढं आजच बघा.