मदत हवी आहे: ॲथलेटिक ट्रेनरला दोन राज्यांत काम करायचं असेल तर?

नमस्कार मंडळी,

माझी बहीण अमेरिकेत कॅन्सस सिटीत, कॅन्सस राज्याच्या बाजूला राहते. ती ॲथलेटिक ट्रेनर आहे, म्हणजे जिममधली ट्रेनर नव्हे. मैदानावर डोक्याला मार लागला, घोटा मुरगळला, उन्हाने कोणी कोसळलं, तर पहिली धावणारी. शहराच्या मधोमध राज्याची हद्द जाते. रस्ता ओलांडला की मिझुरी.

तिच्याकडे राष्ट्रीय प्रमाणपत्र आणि कॅन्ससचा परवाना आहे. आता मिझुरीतल्या शाळांच्या स्पर्धांसाठी शनिवार-रविवारची कामं विचारली जात आहेत. 2018 च्या केंद्रीय कायद्याने स्वतःच्या संघाबरोबर परराज्यात गेलेल्या ट्रेनरला उपचारातल्या चुकीबद्दलच्या विम्याचं संरक्षण दिलं, पण इथे संघ तिचा नाही, तिथलाच आहे. म्हणून वेगळा परवाना काढावा असं माझं मत. तिला खेळाडूवर उपचार करताना मनात शंका नको.

फिजिकल थेरपिस्टना (आपल्याकडचे फिजिओथेरपिस्ट) आंतरराज्य करारामुळे सदस्य राज्यांत काम करण्याची मुभा सहज मिळते, आणि ही दोन्ही राज्यं त्यात आहेत. ट्रेनरना मात्र त्याचा उपयोग नाही. उन्हात उभं राहून मुलांचा जीव सांभाळणाऱ्यांनाही ही सोय मिळायला हवी, असं मनापासून वाटतं.

दोन राज्यांचे परवाने एकत्र सांभाळणारं कोणी आहे का? मिझुरीचा परवाना हातात यायला किती वेळ लागला? डॉक्टरांच्या देखरेखीचा लेखी करार दोन्हीकडे वेगळा करावा लागला का? आणि विमा कंपनीला आधी कळवलंत की नंतर? ऑगस्टमध्ये अमेरिकन फुटबॉलचा सराव सुरू होतो, त्याआधी मार्गी लावायचं आहे.