सतरंज्या ६ गेल्या, ४ आल्या

ग्रुप: सोसायटी (फक्त कामाचे मेसेज)

गुरुवार

६:५१ सी-३०२ गोखले: मागच्या मैदानावर अर्धा तास "हॅलो, चेक, वन टू थ्री" चाललंय. सोमवारी बारावीचा फिजिक्सचा पेपर आहे. हे शनिवारपर्यंत रोज चालणार असेल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे मुलीला मावशीकडे पाठवते.

६:५४ बी-१०४ रश्मी: सॉरी ताई. साउंडवाला नुसता बघायला आला होता, आता थांबवते. शनिवारी शाळेची फॅमिली मूव्ही नाइट आहे, ७ ते ९. लिफ्टमध्ये नोटीस लावली आहे.

६:५५ सी-३०२ गोखले: नोटीस वाचली. बारावीवाले "फॅमिली"त धरत नाहीत असं दिसतं.

६:५७ डी-५०२ निखिल: वन टू थ्रीच्या पुढे येतच नाही का त्याला? शाळेतच उभा आहे, शिकवून टाका 😄

६:५८ सी-३०२ गोखले: निखिल, तुमची अन्वी बालवाडीत आहे. चौदा वर्षांनी बोलू.

७:०२ ए-२०१ जोशीकाका: गेल्या वर्षी याच कार्यक्रमाला सोसायटीने सतरंज्या दिल्या होत्या. ६ गेल्या, ४ आल्या. नम्र विनंती की नवीन काही ठरवण्याआधी २ परत याव्यात 🙏

७:०३ बी-१०४ रश्मी: काका, मी तेव्हा पालक संघात नव्हते. विचारते. बाकी सगळ्यांनी प्लीज आकडा द्या, घरटी किती जण? उद्या दुपारपर्यंत वडापाव सांगायचे आहेत.

७:१० बी-७०१ ॲड. सावंत: आवाजाबद्दल. लाउडस्पीकरला बंदी रात्री १० ते सकाळी ६. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा, रात्री ४५. आणि नियमात "दिवस" रात्री १० पर्यंत असतो.

७:११ डी-५०२ निखिल: म्हणजे रात्री ९ वाजता कायद्याने दिवस. मग पडद्यावर दिसणार काय?

७:१२ सी-३०२ गोखले: सावंत साहेब, ५५ मोजणार कोण? गेल्या वर्षी माझ्या काचा थरथरत होत्या.

७:२० ए-६०३ अमेय: ताई, गेल्या वर्षीची चूक म्हणजे पडद्यापाशी एकच मोठा स्पीकर होता. शेवटच्या रांगेला ऐकू जावं म्हणून तो फोडायचा. यंदा छोटे दोन घेऊ, प्रेक्षकांच्या दोन्ही बाजूंना, मध्यावर. निम्म्या आवाजात भागतं. तोंडं रस्त्याकडे, पाठ सी विंगकडे. आणि सातच्या आधी सुरू करू नका, उजेडात चित्र धुवट दिसतं.

७:२२ सी-३०२ गोखले: थँक यू अमेय. एवढं कुणी आधी बोललं असतं तर मी ग्रुपवर आलेच नसते.

७:२३ बी-१०४ रश्मी: मी सकाळी तुम्हाला फोन केला होता ताई. दोनदा.

७:२३ सी-३०२ गोखले: मी फोन बंद ठेवते. परीक्षा आहे.

७:३१ डी-३०१ शहा: आमचे ४. बिनलसणाची चटणी मिळेल ना?

७:३१ बी-१०४ रश्मी: शहाभाई, तुमचे आभार कसे मानू. एकटे तुम्हीच प्रश्नाचं उत्तर दिलंत.

७:४० सी-१०१ देशमुख: पिक्चर कोणता, ते नोटिशीत नाही.

७:४१ बी-१०४ रश्मी: मुलांनी मतदान केलं. सुपरहिरोचा, हिंदी डब.

७:४४ सी-१०१ देशमुख: त्याला यूए १३ प्लस आहे. २०२४ पासून यूएचे तीन भाग झालेत, ७, १३ आणि १६. खाली पहिली-दुसरीची पोरं बसणार ना? मी फक्त विचारतोय.

७:४६ डी-५०२ निखिल: "मी फक्त विचारतोय" 🤣

७:४७ सी-१०१ देशमुख: यात हसण्यासारखं काय आहे?

७:५२ बी-१०४ रश्मी: मुद्दा बरोबर आहे. मुख्याध्यापिकांनीही "एलिझाबेथ एकादशी" सुचवला होता. पंढरपूरचा, सायकलचा. दीड तासाचा आहे, बालचित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालेला. शाळेच्या ग्रंथालयात डीव्हीडीही आहे.

७:५३ ए-४०४ मानसी: तो सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलाय.

७:५४ बी-२०२ कदम: इंग्रजी माध्यमाच्या पोरांनी एकदा मराठी पिक्चर पाहिला तर काही बिघडत नाही.

७:५४ ए-४०४ मानसी: हे मला उद्देशून आहे का?

७:५५ ए-२०१ जोशीकाका: पिक्चर कोणताही असो, बसणार सतरंजीवरच. ६ गेल्या, ४ आल्या.

७:५८ डी-३०१ शहा: मराठी चालेल, सबटायटल लावा. आमच्या आईला वाचायला आवडतं.

८:०५ ए-१०२ इनामदार आजी: आमच्या वाड्यात गणपतीला रस्त्यावर पडदा लावायचे आम्ही पडद्याच्या मागे बसायचो मागून सगळं उलटं दिसायचं हिरो डावखुरा वाटायचा शनिवारी मी येऊ का रश्मी

८:०६ बी-१०४ रश्मी: या ना आजी!

८:०९ बी-७०१ ॲड. सावंत: थांबा. सोसायटीत सरसकट आमंत्रण नको. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळांना सूट आहे, पण प्रेक्षक ठरलेले आहेत. विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेच्या कामाशी थेट संबंध असलेले लोक. बाकीचे आले की सूट गेली.

८:१० बी-२०२ कदम: म्हणजे आजीला गेटवर अडवणार?

८:११ ए-४०४ मानसी: माझ्या सासूबाई रोज मुलांना शाळेत सोडतात, डबा भरतात, पीटीला बूट घालतात. त्या पालक नाहीत?

८:१२ बी-७०१ ॲड. सावंत: "पालक आणि पाल्याचा सांभाळ करणारे" यात त्यांना बसवता येईल.

८:१३ ए-१०२ इनामदार आजी: माझा नातू न्यू जर्सीत आहे मी कुणाचाच सांभाळ करत नाही

(यावर तीन मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही.)

८:१६ डी-५०२ निखिल: सावंत साहेब, माझ्या मोबाइलवरून ओटीटी लावला तर?

८:१७ बी-७०१ ॲड. सावंत: तुझ्या अकाउंटच्या अटी वाच. घरगुती वापर म्हणतात ते हेच. पेन ड्राइव्हवरचं तर नावच काढू नकोस. विकत घेतलेली डीव्हीडी आहे ना, तीच लावा.

८:२० ए-६०३ अमेय: पण प्लेअर? माझ्या लॅपटॉपला डीव्हीडीचा खणच नाही. शाळेतला बंद आहे. कुणाकडे डीव्हीडी प्लेअर आहे का?

८:२१ सी-१०१ देशमुख: भंगारात दिला.

८:२१ बी-२०२ कदम: दिवाळीत दिला.

८:२२ डी-५०२ निखिल: बायकोने दिला. मला विचारलंही नाही.

८:२६ ए-१०२ इनामदार आजी: माझ्याकडे आहे रोज पुसते रिमोट पण आहे पण तो दुसऱ्याच्या हातात दिलेला मला आवडत नाही

८:२७ डी-५०२ निखिल: 👏👏👏

८:२८ ए-४०४ मानसी: सावंत साहेब, बोला आता.

८:३१ बी-७०१ ॲड. सावंत: प्लेअर चालवणारी व्यक्ती कार्यक्रमाशी थेट संबंधित म्हणता येईल. शाळेने तसं एका ओळीत लिहून द्यावं.

८:३२ बी-१०४ रश्मी: उद्या सकाळीच घेते. आजी, तुम्ही आमच्या ऑपरेटर. खुर्ची पहिल्या रांगेत. आणि प्लीज, आकडा! फक्त शहाभाईंचे ४ आलेत!!

८:३३ सी-३०२ गोखले: माझा आकडा शून्य. पण मुलगी म्हणते सायकलवाला असेल तर पहिला अर्धा तास गॅलरीतून बघेल.

८:३४ बी-१०४ रश्मी: तिच्यासाठी वडापाव वर पाठवते ताई.

८:३४ सी-३०२ गोखले: तिखट नको.

८:५० सेक्रेटरी: आत्ता वॉचमनला विचारलं. पंप रूममध्ये मोटरच्या खाली एक सतरंजी अंथरलेली आहे, आवाज कमी व्हावा म्हणून. सोसायटीचं नाव दिसतंय. फोटो टाकतोय.

८:५१ डी-५०२ निखिल: मोटरला ५५ डेसिबल पाळायचं होतं.

८:५४ ए-२०१ जोशीकाका: फोटो पाहिला. आपलीच आहे. ६ गेल्या, ५ आल्या.