हरता येत नाही म्हणून २/५?

निवांत:
नुकत्याच संपलेल्या ७२ तासांच्या गेम जॅममधला (म्हणजे ठरलेल्या वेळेत गेम बनवायचा उपक्रम) तो बेटाचा गेम. लाकूड, पाणी, मध गोळा करायचं आणि बेटावर एकेक दिवा लावत जायचं. त्यावर एकाने अभिप्राय दिलाय : "दिसायला सुंदर, पण हरताच येत नाही. मग खेळायचं कशाला? २/५."

वाचून डोकंच फिरलं. वर्णनाच्या पहिल्याच ओळीत 'निवांत गेम' असं लिहिलंय. तरी त्यात धाकधूक शोधायची आणि सापडली नाही म्हणून गुण कापायचे? लुडम डेअर या गेम जॅममध्ये फन आणि मूडला वेगवेगळे गुण असतात ते उगाच नाही.

या गेममध्ये मधाची पेटी उचलून दुसरीकडे ठेवली तर खर्च पूर्ण परत मिळतो. त्यामुळे माणूस न घाबरता करून बघतो. एकाच ताटव्याला तीन पेट्या लावल्या की मध घटतो, कारण फुलं वाटली जातात. हे कुठे लिहिलेलं नाही, खेळता खेळता आपलं आपल्याला कळतं. मला तरी एवढं आव्हान पुरलं.

खडूस_खेळाडू:
ते २/५ माझं आहे आणि मी ते बदलणार नाही. पेट्यांचं गणित एकदा कळलं की पुढे ठरवण्यासारखं काही उरतच नाही. लाकूड साठेपर्यंत नुसतं बघत बसायचं. वाट बघणं म्हणजे विश्रांती नव्हे.

मेट्रोच्या लाइन आखायच्या 'मिनी मेट्रो' या गेमचं उदाहरण घ्या. तोही जॅममधूनच, २०१३ च्या लुडम डेअरमधल्या गेमवरून वाढला. त्याच्या एंडलेस मोडमध्ये गर्दी झाली म्हणून खेळ संपत नाही, तरी कुठली लाइन कुठे वळवायची हा विचार सतत चालू असतो.

निवांत:
मग अभिप्रायात हेच लिहायचं होतं. "खेळायचं कशाला" यातून बनवणाऱ्याला काय कळणार?

रातकिडा:
तुम्ही दोघं नक्की कुठला गेम खेळलात? वाट कसली बघताय! मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. एका झाडाला पाणी घालून वळतो तोवर दुसरं सुकलेलं. दिवसभर कामाने पिचून रात्री निवांत म्हणून उघडला आणि बंद करताना हात दुखत होते.

कोडकुटी:
रातकिडा, मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेम (चित्रं) दाखवणारा आहे का?

रातकिडा:
हो. त्याचा काय संबंध?

कोडकुटी:
सगळा संबंध तिथेच आहे. वेळ सेकंदात न मोजता फ्रेममध्ये मोजलाय. ब्राउझर मॉनिटरच्या वेगाने फ्रेम काढतो, म्हणजे तुमचं बेट ६० हर्ट्झवाल्यांपेक्षा २.४ पट वेगाने धावतं. त्यांचं झाड ३० सेकंदांत सुकत असेल तर तुमचं साडेबारा सेकंदांत. डेल्टा टाइमने, म्हणजे दोन फ्रेममध्ये गेलेल्या वेळेने गुणलं असतं तर प्रश्नच आला नसता. ही पहिल्या धड्यातली गोष्ट आहे आणि दर जॅमला कोणीतरी ती विसरतंच. प्रचंड चीड येते.

पिक्सेलवाली:
चीड येते? ७२ तासांत चित्रं, आवाज, कोड सगळं एकट्याने करून बघा, मग बोला. मी जॅम केलेत. शेवटच्या रात्री अपलोड होतंय की नाही याचीच धास्ती असते. जवळ एकच जुना लॅपटॉप असेल तर १४४ वर तपासणार कसं?

कोडकुटी:
तपासायला मॉनिटर लागतच नाही, एक गुणाकार लागतो. दमलात म्हणून चूक बरोबर ठरत नाही.

पिक्सेलवाली:
आणि चूक सापडली म्हणून माणसाला पहिल्या धड्यात बसवायचं नसतं! माझ्या पहिल्या गेमवर कोणीतरी असंच तोडून लिहिलं होतं. त्यानंतर मी कित्येक महिने एडिटर उघडला नाही. बग सांगा ना, पण नीट सांगा. कुठला ब्राउझर, किती हर्ट्झ, काय झालं.

कोडकुटी:
बरं. 'पहिला धडा' मागे घेतो, बग मागे घेत नाही. लुडम डेअरमध्ये मुदतीनंतरही बग दुरुस्त करू देतात, फक्त नवीन फीचर घालायचं नसतं. या जॅमचा नियमही तोच आहे. बनवणाऱ्याला कळवतो, तुम्ही म्हणता तसं नीट.

निवांत:
धागा भरकटला, पण एक बरं झालं. ज्याला धाप लागली आणि ज्याला कंटाळा आला, दोघंही खरंच सांगत होते.

खडूस_खेळाडू:
माझा मॉनिटर ६० चाच आहे, त्यामुळे माझी तक्रार जागच्या जागी. आणखी एक. गोदामात लाकूड मावतं ५० आणि पुलाला लागतं ६०. गोदाम वाढवायला दगड हवा. तो दगड आधीच दिव्यांना वापरला असेल तर पुढे वाटच बंद! हरता येत नाही म्हणे, पण अडकता तर येतंच.

निवांत:
हे मात्र खरं. दिवे काढले तर दगड परत मिळायला हवा, पेट्यांचा खर्च मिळतो तसा. कोडकुटी, कळवताना हेही घाला.

रातकिडा:
नवी आवृत्ती आली की पुन्हा खेळेन. तोवर मूडला मी काहीच गुण देत नाही.