आकाश स्वच्छ, तरी गुरू पुसट का?
आकाश एकदम स्वच्छ होतं तरी टेलिस्कोपमधून गुरू ग्रहाचे पट्टे पुसट दिसले म्हणताय, पण स्वच्छ आकाश आणि स्थिर हवा या वेगळ्या गोष्टी आहेत, उलट थोडं धुरकट असलं की हवा बरेचदा मस्त शांत असते. मी आधी डोक्यावरचा तारा बघतो, तोच लुकलुकत असेल तर फार आशा नाही. मग हाय पॉवरला, म्हणजे जास्त मोठं करून, तो जरा आउट ऑफ फोकस करायचा, तरंग एकाच दिशेने भराभर पळताना दिसले तर बहुतेक जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, आणि संथ वाफेसारखं काही चढताना दिसलं तर टेलिस्कोपच अजून थंड झालेला नाही, तासभर आधी बाहेर ठेवत जा. ग्रह क्षितिजापासून ३० अंशांवर असताना डोक्यावरच्या दुप्पट हवा मधे येते, त्यामुळे तो वर येईपर्यंत थांबाच.