रानात उगवलं म्हणजे देशी झालं का?

टेकडीखालचा
काल एकांनी लिहिलं: 'सीताफळ, विलायती चिंच, काजू ही झाडं रानात आपोआप येतात, पाखरं खातात, माणसं खातात, म्हणजे ती देशीच. टेकडीवरच्या लागवडीतून त्यांना वगळणारे नुसते पुस्तकी पंडित.' त्या पंडितांतला मी एक, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आपोआप तर घाणेरीही उगवते. तिची काळी फळं बुलबुल खातात, शाळेतून येताना आपणही खाल्ली. मग खड्डे खणून घाणेरी लावायची का? सीताफळ अमेरिका खंडातलं, विलायती चिंच मेक्सिकोकडची, काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेला. इथे रुजली, पसरली, कबूल. पण टेकडीवर खड्डे मोजके असतात. त्यात आधी भोकर, टेंभुर्णी, धामण, तोरण, अळू (फळाचं, भाजीचं नव्हे) यांचा नंबर लागायला हवा. सीताफळाची रोपं कुठल्याही नर्सरीत ढिगाने मिळतात. तोरण मागून बघा, माळी तोंडाकडे बघत राहतो.

बालाघाटी
साहेब, एकदा बीडकडे या. उघड्या डोंगरावर जे हिरवं दिसेल ते सीताफळ असेल, कारण शेळी त्याच्या पाल्याला तोंड लावत नाही. तुमची धामण आणि टेंभुर्णी लावा, सकाळपर्यंत काड्या उरल्या तर सांगा. 72 च्या दुष्काळात शेतात दाणा नव्हता तेव्हा आमची आज्जी डोंगरातली सीताफळं पाटीत घालून बाजारला जायची. घरातली चूल त्यावर पेटली. ते झाड परकं म्हणायला माझी जीभ वळत नाही. आणि 2016 साली बीडच्या सीताफळाला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, तेवढं तरी वाचा.

टेकडीखालचा
आज्जींना नमस्कार. पण जीआय गोव्याच्या फेणीलाही 2009 पासून आहे. त्यामुळे काजूचं मूळ ब्राझीलहून हललं का?

नियम_दाखवा
धागाकर्त्यांनी नियम काय लावलाय ते कळेना. चिंच मूळची आफ्रिकेतली, तरी दर यादीत 'देशी वृक्ष' म्हणून मिरवते. हजारो वर्षं झाली की रेशनकार्ड, पाचशे झाली तर घुसखोर? आंब्याचं मूळही ईशान्येकडे आणि म्यानमारच्या बाजूला मानतात. रायवळ आंबा काढणार का कोकणच्या यादीतून? काढून दाखवाच. शिवाय भारहुतच्या प्राचीन बौद्ध स्तूपावरच्या शिल्पांत सीताफळ कोरलंय असं खुद्द पुरातत्त्ववाला कनिंगहॅम म्हणायचा.

टेकडीखालचा
दगडात कोरलेलं खडबडीत फळ फणसही असू शकतं. सीताफळाचे जवळचे भाऊबंद बहुतेक सगळे अमेरिकेत आहेत, त्याचं काय? चिंचेचा मुद्दा मात्र अडचणीचा आहे. तिथे मी वर्षं मोजतोय हे खरं, आणि रेघ कुठे ओढायची ते मलाही नेमकं सांगता येणार नाही. झालं समाधान?

अळीवाला
वर्षं मोजण्यापेक्षा पानं उलटून बघा. टेंभुर्णीवर बॅरोनेट फुलपाखराची अळी वाढते. उंबराच्या फळात शिरणारी चिलटासारखी गांधीलमाशी दुसऱ्या कुठल्या झाडाच्या कामाची नाही. झाड इथलं असणं म्हणजे हे गणगोत. पाखरू फळ खातं एवढ्याने ठरत नाही, पाखरू ब्रेडही खातं.

बालाघाटी
आणि सीताफळाच्या पानावर टेल्ड जे फुलपाखराची अळी असते ती काय ब्रेड खायला बसते? आमच्या परसात दरवर्षी बघतो. हिरवीगार, मानेशी फुगलेली.

अळीवाला
असते, मान्य. त्याच कुळातली झाडं इथे आधीपासून होती, म्हणून तिला सीताफळ चाललं. एका अळीवर नागरिकत्व देता येत नाही, पण पाव गुण दिला.

दोडामार्गकर
तुमची सीताफळं राहू द्या. काजूबद्दल कुणी नीट बोलणार आहे का? 1990 ला रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानावर फळबागा आल्या, तिथून आमच्या सिंधुदुर्गाकडचे डोंगर एकेक करून साफ होताहेत. आता तर मशिनं लावतात. आमच्या घरामागच्या उतारावर ऐन, किंदळ, जांभूळ, रातांबे (कोकमाची झाडं) होते. बाहेरच्या एकाने जमीन घेतली, आठवड्यात डोंगर तांबडा केला. आता रांगेत काजू. खालची बी दिसावी म्हणून झाडाखालचं सगळं बेणून काढतात. पाचोळा आणि माती, बस. धनेश पक्ष्याला घरट्याच्या ढोलीसाठी म्हातारं झाड लागतं, ते काजूत कुठून येणार? आणि वर म्हणायचं, रानमेवा!

माटवातली_माई
अरे दोडामार्गकरा, बाहेरच्याचं पाप काजूच्या माथी का मारतोस? आमची दोनशे झाडं आहेत, सासऱ्यांनी खांद्यावर पाणी आणून जगवलेली. त्या बियांवर दोन पोरं इंजिनिअर झाली. रातांब्यावर कोण शिकवणार? पहिला पाऊस पडला की अर्धे रातांबे झाडाखालीच कुजतात, दर काय मिळतो ते विचार जा. मधे बांधावर ऐन, जांभूळ आम्हीही ठेवलेत.

दोडामार्गकर
माई, तुमच्या दोनशे झाडांबद्दल मी बोलतच नाही. चाळीस एकर एकदम साफ करणाऱ्याबद्दल बोलतोय. पण इथे पुण्यातली मंडळी टेकडीवरच्या पंचवीस खड्ड्यांसाठी रान माजवतात आणि सह्याद्री गेला तरी ढिम्म.

टेकडीखालचा
पंचवीस खड्डे माझ्या हातात आहेत, चाळीस एकर नाहीत. तुमच्या उतारावर झाडं पडत होती तेव्हा तुम्ही तरी काय केलंत?

दोडामार्गकर
तक्रार केली. उत्तर आलं, खाजगी मालकी. आणि तुमची सोसायटी कुठला डोंगर फोडून उभी आहे हो?

नियम_दाखवा
व्वा. विलायती चिंच बिचारी धाग्यातून कधीच हद्दपार झाली.

टेकडीखालचा
सोसायटीवर यायचं कारण नव्हतं. असो. काजूच्या बागेला जंगल म्हणू नये, यावर दोडामार्गकर आणि मी एकाच बाजूला आहोत, त्यांना आवडो न आवडो. सीताफळ यादीत येणार नाही. पण जिथे शेळ्या चरतात तिथे आतली रोपं वाचवायला कडेने कुणी सीताफळाची ओळ लावली, तर मी त्या बाजूला फिरकणार नाही.

बालाघाटी
उपकार झाले! पाचशे वर्षांनी निदान राखणदाराची नोकरी तरी लागली.

अळीवाला
राखणीला करवंदाची जाळी लावा ना. काटेरी आहे, इथलीच आहे, वर फळं.

बालाघाटी
आणि करवंदाला काटे धरेपर्यंत शेळ्या कोण हाकणार, तुम्ही?