लेदर सीटला खोबरेल चोळणाऱ्यांनो, जरा थांबा

मठ्ठाप्रेमी (धागाकर्ता)
परवा इथेच एका ताईंनी 'घरगुती उपाय' दिला: गाडीच्या लेदर सीटला दर महिन्याला खोबरेल चोळा, कोल्हापुरी चपलेसारखी वर्षानुवर्षं टिकेल. खाली 'धन्यवाद, आजच करते'ची रांग. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा.

कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात. ते उघडं असतं, तेल पितं. गाडीच्या सीटचं कातडं बहुधा क्रोमने कमावलेलं, त्यावर रंग, त्यावर पॉलियुरेथेनचा थर. तेल आत शिरणार कुठून? वरच बसतं, धूळ धरतं आणि बेज सीट असेल तर शिवणीच्या दोऱ्यात काळी रेघ उमटते. व्हेंटिलेटेड सीट असेल तर भोकांतून थेट फोममध्ये.

आधी व्हॅक्यूम करा, नाहीतर तीच वाळू कातड्यावर घासाल. मग लेदर क्लीनर मऊ ब्रशवर घ्या, सीटवर ओतू नका. हलका फेस आला की ओलसर मायक्रोफायबरने पुसा. कपड्यांचा साबण नको, तो अल्कधर्मी आणि कातडं आम्लधर्मी. संपला विषय.

सांडगी मिरची
ती ताई मीच. आमच्या गाडीला यांच्या आईंनी सांगितल्यापासून खोबरेलच लावतोय, सीटला एक भेग नाही. शेजाऱ्यांनी महागडं डिटेलिंग केलं, त्यांच्या सीटचे पापुद्रे निघाले. आता तुमच्या थराचं मी काय करू?

घाटमाथा
ताई, रागावू नका, पण तुमची सीट लेदर आहे कशावरून? ब्रोशर उघडा, बारीक अक्षरात लेदरेट, म्हणजे नकली लेदर, लिहिलेलं असेल. सीटच्या खालच्या कडेला हात घाला, आतून विणलेलं कापड लागलं तर झालं. खऱ्या लेदरच्या गाड्यांतही कित्येकदा बसायची जागाच लेदर, बाजू व्हायनिल. तिथे खोबरेल लावा नाहीतर तूप, ते पिणार नाही.

सांडगी मिरची
शोरूमवाल्याने लेदर सांगूनच पैसे घेतले. तो खोटं बोलला म्हणायचं का?

घाटमाथा
मी काही म्हणत नाही. सीटखाली हात घाला.

हर्णैकर
पुण्यात बसून सगळे शहाणे. जुलैत आमच्याकडे गाडी आठवडाभर बंद ठेवा, सीटवर पांढरी बुरशी. त्यात वर तेलाचा आणि घामाचा थर म्हणजे बुरशीला आयतं जेवण. क्लीनर-बिनर राहू दे, पाऊस उघडला की चारी दारं उघडून वारा द्या आणि ओल्या छत्र्या मागच्या सीटवर टाकणं बंद करा. आमच्या मेहुण्यांना हे कोणीतरी सांगा.

डिकीतला डबा
कसली ही डोकेफोड! डिलिव्हरीच्या दिवशी बकेट-फिट, म्हणजे सीटच्या मापाचं घट्ट, सीटकव्हर घालायचं आणि विसरायचं. गाडी विकताना काढलं की आत कोरी सीट.

मठ्ठाप्रेमी
म्हणजे लेदरला जादा पैसे मोजायचे आणि आयुष्यभर रेक्झिनवर बसायचं. सीट पुढच्या मालकासाठी जपताय?

घाटमाथा
ते सोडा, साइड एअरबॅगचं काय? सीटच्या कुशीत शिवणीपाशी एअरबॅगचा टॅग असतो, एअरबॅग ती शिवण फाडून बाहेर येते. वर जाड कव्हर घट्ट ओढलं की ती अडणार किंवा उशिरा उघडणार. गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, पण ते डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्ये सीलबंद.

डिकीतला डबा
आले एअरबॅगवाले! सहा एअरबॅग सक्तीच्या करणार म्हणून किती गाजावाजा झाला, 2023 मध्ये गडकरींनीच सांगितलं सक्ती नाही. सरकारला नाही पडलेली, तुम्हाला का?

घाटमाथा
सक्ती नाही म्हणून गाडीत असलेली एअरबॅग शिवून टाकायची? काय बोलताय हे!

डिकीतला डबा
आवाज खाली. माझ्या कव्हरवाल्याने बाजू मोकळी ठेवलीय, बघितलंय मी.

घाटमाथा
मग हे आधी लिहायचं. बाजू मोकळी असेल तर माझं भांडण नाही. इतरांनी निदान तपासा.

डिकीतला डबा
परवानगीबद्दल आभारी आहे.

हर्णैकर
कव्हरखाली ओल कोंडते ते वेगळंच. आमच्याकडे कव्हर काढलं तर खाली नकाशा उमटलेला असतो.

निळी जीन्स
सॅनिटायझरचं कोणीच बोलेना? 2020 मध्ये आमचा ड्रायव्हर रोज सीट आणि स्टिअरिंगवर फवारायचा. स्टिअरिंगची चकाकी गेली, मग ते चिकट झालं. अल्कोहोल वरचा थरच खातं. आणि क्रीम रंगाच्या सीटवरचा नव्या जीन्सचा निळा डाग कशाने जातो?

मठ्ठाप्रेमी
ताजा असेल तर लेदर क्लीनरने, न रगडता, पुन्हापुन्हा. मुरलेला बहुधा पूर्ण जात नाही. धुळीच्या देशात क्रीम सीट विकणाऱ्यांना मात्र कोपरापासून नमस्कार. आणि तो डॅशबोर्डचा चकचकीत सिलिकॉन स्प्रे सीटवर मारू नका, ब्रेक मारला की माणूस घसरतो.

सांडगी मिरची
घातला हात. कापड लागलं. पण भेग नाही ती नाहीच, आणि खोबरेल घरचं आहे, लावणार. शोरूमवाल्याला मात्र उद्या फोन.